किंचाळीचं वजन

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हतं. उभी हयात वजनमापे खात्यात गेली, दुकानदाराच्या तराजूचा काटा नाकासमोर धरून बघायची सवय लागली आणि ती निवृत्तीनंतरही सुटली नाही, म्हणून सगळी इमारत त्यांना काटेकाका म्हणायची. भाजीवाल्याकडे गेले तरी काका आधी वजन उलटं करून बुडावरची सरकारी मोहोर बघायचे, मग भाजी. अशा माणसानं उतारवयात भुताखेतांचे, राक्षसांचे आणि उडत्या सरड्यांचे सिनेमे पोत्यानं घरी आणावेत, दार लावून घ्यावं, आवाजात आवाज मिसळायला नको म्हणून पंखा बंद करावा आणि घामाघूम होत ते बघत बसावं, हे इमारतीला पचणं कठीणच होतं.

कारण साधं होतं. काकूंचा आवाज गेला होता.

गेला म्हणजे बसला नव्हता. बसलेला आवाज उठतो. डॉक्टरांनी घशातलं स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, बदल्यात आवाज द्यावा लागला. सौदा तोट्याचा नाही, असं काका भेटेल त्याला सांगायचे. मानेच्या पायथ्याशी श्वास घ्यायला एक भोक, त्यावर पातळ सुती रुमाल. बाकी काकू होत्या तशाच होत्या. भाजी चिरत होत्या, कुंड्यांना पाणी घालत होत्या, काकांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला की कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहत होत्या. त्या उभं राहण्याला जोडून जी दोन-चार वाक्यं यायची तेवढी येत नव्हती. आणि ती आली नाहीत की काका टॉवेल उचलायचंच विसरायचे, मग एकदम लक्षात येऊन बाल्कनीत जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहायचे.

ओठांवरून शब्द ओळखावेत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. काकांनी मनापासून प्रयत्न केला. पण ओठांवर ‘चहा’ आणि ‘जा’ हे दोन शब्द फारसे वेगळे दिसत नाहीत. काकू चहा मागायच्या आणि काका मुकाट्यानं खोलीबाहेर जायचे. एकदा तर खाली जाऊन इमारतीला दोन फेऱ्या मारून आले. वर आले तर काकूंनी स्वतःच चहा करून घेतला होता, आणि एक कप यांच्यासाठी झाकून ठेवला होता.

त्यातच लेकीचा फोन आला. लेक दूरच्या देशात नोकरीला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “बाबा, आईचा आवाज तुमच्याकडे कुठे आहे का हो? मी सगळा मोबाईल उलटापालटा केला. माझ्याकडे काहीच नाही.”

“असं कसं असेल? बघतो,” काका म्हणाले. आणि बघायला लागले. खरंच नव्हता. मोबाईल पुढे धरला की काकू हातानं ‘बंद कर’ अशी खूण करायच्या आणि चौकटीतून बाहेर व्हायच्या. आवाजी निरोप त्यांनी जन्मात पाठवला नाही. “पैसे घेतल्याशिवाय मी माइकसमोर तोंड उघडत नाही,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. कारण आवाज हा त्यांचा धंदाच होता. बरीच वर्षं त्या डबिंग करत होत्या, म्हणजे परदेशी सिनेमातल्या परक्या तोंडांना आपल्या भाषेतला आवाज द्यायचा. सिनेमेही कुठले, तर थेटरात कुत्रं विचारणार नाही असे, थेट डिस्कवर निघणारे, भुतांचे आणि जादूटोण्याचे. सकाळी चपला घालताना काकांनी “आज काय काम?” असं विचारलं की काकू म्हणायच्या, “किंचाळायला चाललेय.” संध्याकाळी येऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या.

काकांनी त्यातला एकही सिनेमा बघितला नव्हता. भुतं वजनाला उतरत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

पण आता तेवढंच उरलं होतं. जगात कुठे काकूंचा आवाज शिल्लक असलाच, तर तो कुठल्यातरी डबड्या सिनेमात, कुठल्यातरी बाईच्या तोंडी, भूत बघून किंचाळताना असणार. काकांनी आडून विचारून बघितलं. “अगं, तू कुठल्या कुठल्या सिनेमात होतीस गं?” काकूंनी चिरत असलेल्या भोपळ्यावरून नजर न उचलता हात झटकला. ‘जाऊ दे’ की ‘जा’, ते काकांना कळलं नाही. ते गेले.

गेले ते थेट डिस्कवाल्याकडे. त्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकत होती, पण जुना माल माळ्यावर होता. काकांनी काय हवंय ते सांगितल्यावर तो शिडीवर चढला आणि पोतंच खाली ढकललं. “भुतंखेतं, जादू, राक्षस, सगळं यात आहे. घेऊन जा, काका. परत तेवढं आणू नका.”

पोतं आलं, पण डिस्क चालवायचं यंत्र कुणाकडे होतं? टीव्ही दुरुस्त करणारा हसला आणि म्हणाला, “काका, हा रोगी आता राहिला नाही, म्हणून आम्ही डॉक्टरही सुधारलो.” शेवटी त्यानंच अडगळीतून एक खटारा काढून दिला. त्याचा कप्पा आपणहून उघडायचा नाही. डाव्या अंगाला थप्पड मारली की जीभ बाहेर काढल्यासारखा भसकन बाहेर यायचा.

निम्म्या डिस्कवर चरे. इथे शेजारधर्म सुरू झाला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, “टूथपेस्ट चोळा. गोलगोल नाही, आतून बाहेर. शास्त्र आहे त्यात.” समोरच्या वहिनी म्हणाल्या, “टूथपेस्ट कसली! केळ्याची साल घासा. माझ्या भावाच्या अख्ख्या लग्नाची डिस्क मी सालीवर वाचवली.” काकांना कुणाचं मन मोडवेना. आधी पेस्ट, मग साल असे दोन्ही लेप झाले. डिस्क चालली नाही, मात्र यंत्राला मुंग्या लागल्या. टीव्हीवाल्यानं झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाला, “काका, यात यांचं वारूळ झालंय. अंडीसुद्धा आहेत.” मुंग्यांचं बिऱ्हाड हलवण्यात एक आठवडा गेला. शेवटी ओल्या फडक्यानं पुसल्यावर बहुतेक डिस्क निमूट चालल्या, हे काकांनी दोन्ही सल्लागारांना सांगितलं नाही.

जाता जाता वहिनी दारात थबकून हळू आवाजात म्हणाल्या होत्या, “सारखं ओरडून ओरडूनच झालं असेल हो काकूंना.” काका म्हणाले, “डॉक्टर तसं म्हणाले नाहीत.” दार लावल्यावर बघतात तो काकू स्वयंपाकघराच्या चौकटीत उभ्या. त्यांनी ऐकलं होतं. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असं लोक धरून चालतात, हे काकांना त्या दिवसापासून पदोपदी दिसायला लागलं.

मग दुपारमागून दुपार सिनेमे सुरू झाले. पहिला होता ‘वटवाघळाची वरात’. त्यात माणसाएवढं वटवाघूळ किल्ल्याभोवती फिरायचं आणि त्याची दोरी इतकी ठळक दिसायची की तिच्यावर कपडे वाळत घालावेत. ‘सातवं झाकण’ या सिनेमात सात कबरी उघडणार होत्या. पाचव्या कबरीला निर्मात्याचे पैसे संपलेले दिसत होते, कारण उरलेल्या दोन भिंतीवर रंगवल्या होत्या. ‘तळघरातली आत्या’ या सिनेमात आत्याचं प्रेत सगळ्यांच्या मधोमध, पण प्रेताला दरदरून घाम यायचा. ‘तीन शिंगांचा शहाणा’ नावाचा एक जादूचा सिनेमा होता. त्यात दोन माणसांनी मिळून केलेलं घोडं पुढून शहाणं आणि मागून वेगळ्याच विचाराचं होतं.

काकांना आधी हसू आलं, मग राग आला, आणि सवय सुटेना म्हणून ते तोलायला लागले. वजनमापे खात्यात एक शिकवण असते. माल किडका आहे म्हणून माप खोटं म्हणायचं नाही. माल वेगळा, माप वेगळं. त्या न्यायानं काका प्रत्येक सिनेमाला त्याचं त्याचं देऊ लागले. वटवाघूळ शून्य, पण किल्ल्यावरचा वारा अस्सल, अंगावर काटा आणणारा. झाकणं पाच, पण कबर खणणारा म्हातारा नट असा की डोळ्यांत पाणी यावं. तो बिचारा भिंतीवरच्या रंगवलेल्या कबरीपुढेसुद्धा खऱ्यासारखा गुडघे टेकून रडला होता. काकांनी तो प्रसंग दोनदा लावला. सगळं पडत असताना एखादा माणूस आपलं काम चोख करतो, हे बघून त्यांना कुठेतरी गलबलून यायचं.

हेडमास्तर चाहूल लागून खाली येऊ लागले. त्यांचं काम चुका काढणं. “भूत भिंतीतून आरपार जातं ना? मग मघाशी दार का ठोठावलं?”

“सभ्यपणा असेल,” काका म्हणायचे.

“पण भिंतीतून जातं तर जमिनीतून खाली का पडत नाही? उभं कशावर आहे ते?”

या प्रश्नावर दोघांनी एक अख्खी दुपार घालवली. उत्तर मिळालं नाही, पण कितीतरी दिवसांत काका एवढं बोलले नव्हते.

खरं काम मात्र हेडमास्तर गेल्यावर सुरू व्हायचं. किंचाळ्या. डबिंग करणाऱ्यांची नावं कुठेच नसायची, तेव्हा कानांवरच भिस्त. काका किंचाळीचा उगम बघायचे, भर बघायचे, शेवटी ती कशी विरते ते बघायचे. संसारात काकू किंचाळल्या होत्या अशी उदाहरणं थोडी होती. झुरळ दोनदा, लेक जिन्यावरून पडली तेव्हा एकदा. तेवढ्या नमुन्यांवर काका तोलत होते. ‘वटवाघळाची वरात’मध्ये खानावळवाली कपाट उघडते आणि आत नवऱ्याचं मुंडकं दिसतं. ती जी किंचाळते, ते ऐकून काका खुर्चीतून उठले. मागे घेतलं, परत ऐकलं. परत घेतलं, परत ऐकलं. हीच. भर तीच, शेवटचा तो किंचित कापरा सूरही तोच.

त्यांनी मोबाईल टीव्हीजवळ धरून ती किंचाळी भरून घेतली आणि लेकीला पाठवली. लेकीचा लगेच फोन. म्हणाली, “आईच आहे, बाबा.” आणि रडायला लागली. काका इकडे मोबाईल कानाला लावून मान हलवत उभे राहिले. मान हललेली तिला दिसत नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

आता खात्रीचा शिक्का तेवढा हवा होता. माप सरकारी मोहोर उठल्याशिवाय खरं नसतं. म्हणून काका डबिंग कलाकारांच्या संस्थेच्या कचेरीत गेले. दुसरा मजला, लांबट खोली, भिंतीला ओल, टेबलामागे एक कारकूनबाई.

“कुठल्या सिनेमात कुणाचा आवाज, ते आमच्याकडे असतं,” बाई म्हणाल्या. “पण असं कुणालाही नाही देता येत. कलाकारांशी तोंडी खातरजमा व्हावी लागते. त्यांना इथे फोन करून बोलायला सांगा.”

“त्या बोलू शकत नाहीत. आवाज गेलाय.”

“अरेरे. मग बऱ्या झाल्या की करू द्यात.”

“त्या बऱ्याच आहेत. आवाज येणार नाही आता.”

बाईंनी चष्मा काढला. स्वभावानं वाईट नव्हत्या. “अहो, मागे कुणीतरी नवऱ्याच्या नावानं माहिती घेऊन गेलं होतं, तेव्हापासून हा नियम झाला. आवाजाचा धंदा, म्हणून आवाजावर ओळख. मी काय करू? तुम्हीच सांगा.”

काकांनी आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं होतं. नियम आहे, मी काय करू? वजनावर मोहोर नाही म्हणून त्यांनी एका आंधळ्या फुटाणेवाल्याचा तराजू उचलून नेला होता. ते उठले, नमस्कार केला आणि जिना उतरले.

घरी आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि खानावळवालीला कपाट उघडायला लावलं. मग पुन्हा. मग पुन्हा. कचेरी नाही म्हणते तर नाही. माझे कान आहेत की! ती किंचाळत राहिली, काका ऐकत राहिले, आणि खिडकी उघडी होती.

बेल वाजली. दारात एक हवालदार आणि एक महिला शिपाई. त्यांच्या मागे जिन्यात वहिनी, आणि वहिनींच्या मागे, आपण सहज जात होतो असा चेहरा केलेली अर्धी इमारत.

“तक्रार आहे,” हवालदार म्हणाला. “या घरातून रोज दुपारी बाईच्या किंकाळ्या येतात. आज तर तासभर.”

“तो सिनेमा आहे.”

“सगळे आधी तेच म्हणतात. घरात बाई कोण आहेत?”

काकू बाहेर आल्या. हात ओले, मानेला रुमाल. महिला शिपाई पुढे झाली. “काकू, घाबरू नका. मी आहे. काय असेल ते मोकळेपणानं बोला.”

काकूंनी तोंड उघडलं, मिटलं आणि गळ्याकडे बोट दाखवलं.

“गळा?” शिपाईबाई हवालदाराकडे वळली. “साहेब, गळा दाबलेला दिसतोय.”

काका म्हणाले, “अहो, मी कशाला गळा...”

“तुम्ही गप्प बसा! त्यांना बोलू द्या!”

“त्यांना बोलता येत नाही!”

“तुमच्यासमोर नाही येणार. सांगा, काकू.”

आणि काकूंना हसू फुटलं. ऑपरेशननंतर इतकं हसू त्यांना पहिल्यांदाच आलं होतं. पण त्या हसण्याला आता आवाज नव्हता. खांदे गदगद हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यांनी ओला हात तोंडावर दाबून धरला होता.

“बघा, कशा रडतायत,” हवालदार कळवळून म्हणाला. “लाज वाटत नाही या वयात?”

“काटेकाका, तुम्ही?” मागून हेडमास्तरांचा आवाज आला. ज्या गृहस्थानं भुतांच्या जमिनीवर उभं राहण्याबद्दल यांच्याशी अख्खी दुपार चर्चा केली, तोच. काकांचा चेहरा उतरला. आयुष्यात त्यांच्या मापाबद्दल कुणी शंका घेतली नव्हती, आणि आज स्वतःच्या दारात, चपला न घातलेल्या अवस्थेत, ते संशयित म्हणून उभे होते.

शेवटी काकूंनीच डोळे पुसले आणि मानेवरचा रुमाल सोडला.

शिपाईबाई हळूच मागे सरली. हवालदारानं टोपी काढून काखेत धरली. काकूंनी शांतपणे रुमाल पुन्हा बांधला, जसं काही कुणी घराचा पत्ता विचारला होता आणि तो सांगून झाला होता.

“माफ करा, काकू,” हवालदार म्हणाला. मग कामाचा भाग म्हणून खोलीत जाऊन त्यानं सिनेमा लावून बघितला. किंचाळी ऐकली. आणखी थोडा बघितला. खुर्चीत टेकला. “हे मुंडकं चुकीचं आहे, काका,” तो म्हणाला, “कापलेली मान अशी नसते. पण बाई ओरडते मात्र बेस.”

“ओरडते ना?” काकांचा चेहरा क्षणभर उजळला. “आमची ही आहे ती.”

हे काकूंनी ऐकलं.

सगळे गेले. काकांनी दार लावलं, वळले, तर काकू त्यांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढून बसल्या होत्या. इतक्या दिवसांत त्या या खोलीत फिरकल्या नव्हत्या. त्यांनी टीव्हीकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या.

“लेकीला तुझा आवाज हवा होता,” काका म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “मलाही हवा होता. तुला न सांगता करतोय, ते चुकलंच.” आणि त्यांनी खानावळवाली लावली. कपाट उघडलं. किंचाळी झाली. काका बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले.

काकूंनी मान हलवली. नाही.

“नाही? नीट ऐक. शेवटचा कापरा सूर बघ.”

काकूंनी नाकाखाली दोन बोटं फिरवून मिश्या काढल्या. मग पोटापुढे हातानं भलीमोठी ढेरी दाखवली.

“पुरुष?” काका ओरडले. “हा बाप्या आहे?”

काकूंनी मान डोलावली. तो तसा ओरडण्यात नावाजलेला होता, हेही त्यांनी अंगठा उंचावून सांगितलं.

काकांनी घाईघाईनं दुसरी लावली, कबरीवरची विधवा. नाही. तळघरातल्या आत्याची सून. नाही. हिमराणी, तिची दासी, विहिरीतली मुलगी, सगळ्या लावल्या. नाही, नाही, नाही. काकांनी रिमोट मांडीवर ठेवला. “लेकीला मी तो ढेरीवाला पाठवलाय,” ते म्हणाले. “ती रडली गं ऐकून. म्हणाली, आईच आहे.” ते पोत्याकडे बघायला लागले. “एवढ्या वर्षांचा संसार, आणि मला तुझा आवाज ओळखता आला नाही.”

काकू उठल्या. पोत्यात हात घालून, कव्हरं चाळत बसल्या आणि एक डिस्क काढली. ‘सरडेश्वराचं सिंहासन’. काकांनी हा सिनेमा दहा मिनिटांत बाजूला टाकला होता. सरडेश्वराची शेपटी शिवणीवर उसवलेली, राक्षसाच्या पायात बूट.

“यात बाईमाणूसच नाही,” काका म्हणाले.

काकूंनी डिस्क लावली. पडद्यावर पत्र्याचा मुकुट घातलेला एक बारकासा राजपुत्र आला आणि किनऱ्या आवाजात म्हणाला, “मी घाबलत नाही! माझी तलवाल कुठे आहे?” काकूंनी त्या पोराकडे बोट केलं, मग ते बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं.

“तू? हा मुलगा तू?”

त्यांनी मान डोलावली. हात आडवा धरून, एक-एक करत, उंची दाखवू लागल्या. एवढा मुलगा, त्याहून लहान, रांगतं बाळ. मग दोन्ही हातांनी डोक्यावर शिंगं करून एक कोकरू. इतकी वर्षं त्या किंचाळायला नाही, बोबडं बोलायला जात होत्या. चपला घालताना विचारणाऱ्याला उत्तर गमतीनं दिलं होतं, आणि विचारणाऱ्यानं पुढे काही विचारलं नव्हतं.

काका ऐकत राहिले. आवाज पोराचाच होता. बोबडा, उतावळा, शंभर टक्के पोराचा. काम इतकं चोख होतं की त्यात काकू कुठे सापडतच नव्हत्या. “छान केलंयस हं,” ते म्हणाले, दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक करावं तसं. आत मात्र त्यांना कळून चुकलं की संपलं. पोतं होतं, यंत्र होतं, आवाजही होता, आणि तरी बायकोचा आवाज जगात कुठेच नव्हता.

काकूंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. मग रिमोट घेतला आणि सिनेमा पुढे पळवायला लागल्या. सरडे पळाले, डोंगर पळाले, सिंहासन उलटंपालटं झालं. एका जागी त्या थांबल्या. दलदल होती. बूटवाला राक्षस ढांगा टाकत पुढे निघालेला आणि राजपुत्र चिखलात रुतून मागे राहिलेला. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला त्या दिवशी घरी जायची घाई असावी, किंवा त्याचा डोळा लागला असावा, किंवा काकूच दिवसभर बोबडं बोलून थकल्या असाव्यात. पोराचं तोंड एकदाच उघडलं आणि त्यातून भरदार, दमलेल्या, जराशा वैतागलेल्या बाईचा आवाज आला,

“अहो, थांबा ना जरा.”

“ओ,” म्हणून काका उठून उभे राहिले.

पुढच्या क्षणाला राजपुत्र पुन्हा राजपुत्र झाला आणि तलवाल मागायला लागला. काका उभेच होते. कोणत्याही तपासनीसानं ठोकरून लावावी अशी ती चूक होती, अख्ख्या सिनेमातली सर्वांत ढळढळीत.

“परत लाव,” ते म्हणाले.

काकूंनी परत लावलं. या खेपेला काकांनी ओठ घट्ट मिटून धरले होते. तरी “ओ” निघालाच.

“अजून कुठे आहे असं? दुसऱ्या कुठल्या सिनेमात?”

काकूंनी मान हलवली. कुठेच नाही. तेवढंच होतं.

काकांनी मोबाईल उचलला, लेकीसाठी. टीव्हीपुढे धरला. पण आपण मध्ये बोलल्याशिवाय राहणार नाही, हे त्यांना दिसत होतं, म्हणून त्यांनी दुसरा हात तोंडावर गच्च दाबला आणि मानेनं ‘लाव’ अशी खूण केली. काकूंनी लगेच लावलं नाही. आपल्याच तोंडावर हात धरून, टीव्हीसमोर वाकून उभ्या असलेल्या त्या माणसाकडे त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी तो हात हळूच खाली ओढला, तसाच धरून ठेवला, आणि बटण दाबलं.